सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी लोकलमध्ये जीव घाबरा होतो. समुपदेशनात नेमकं काय करतात?

कृष्णकमळ (धागाकर्ती)

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय 31, राहायला ठाणे, नोकरी दादरला. जानेवारीत सकाळच्या फास्ट गाडीत कुर्ला सुटल्यावर एकाएकी छातीत धडधड, दरदरून घाम, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटणं आणि "आता मी जातो" ही भीती. दादरला उतरून सरळ दवाखाना गाठला. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी चिंतेचा त्रास आहे, समुपदेशन घ्या असं सांगितलं आणि "लागलीच तर घ्या" म्हणून एक गोळी लिहून दिली.

त्यानंतर असे पाच-सहा झटके आले. फास्ट गाडी त्याने सोडलीच. स्लोमध्ये दाराजवळ उभा राहतो, खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली. आता आठवड्यातले तीन दिवस घरून काम मागून घेतलंय. मनगटावरच्या घड्याळात सारखे ठोके बघत असतो.

अजून तपासण्या करायला हव्यात का? समुपदेशक खोलीत बसून नेमकं करतो काय, नुसतं बोलून हे थांबतं कसं? किती दिवस लागतात आणि योग्य माणूस ओळखायचा कसा? आईचं एकच म्हणणं, "मन घट्ट कर." त्याचा उपयोग होत नाही हे दिसतंय, पण त्याऐवजी घरच्यांनी काय करावं तेही कळत नाही.

---

स्टेथो

तुम्ही लिहिलंय ते पॅनिक अटॅकचं जवळपास जसंच्या तसं वर्णन आहे. झालेल्या तपासण्या पहिल्या फेरीला पुरेशा आहेत. आधी शरीरात काय घडतं ते सांगतो, कारण पुढचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत.

धोका जाणवला की मेंदू ॲड्रेनलिन सोडायला लावतो. हृदय जोरात चालतं, स्नायू ताठरतात, घाम येतो, श्वास भरभर होतो. खरंच पळायचं असतं तर हा जादा श्वास खर्ची पडला असता. पण माणूस गाडीत एका जागी उभा असतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर जातो. रक्तातलं त्याचं प्रमाण घसरलं की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरल्यासारखं, सगळं खोटं-खोटं, लांबचं वाटतं. रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. फार वेळ चाललं तर बोटं आखडतातही. छाती वरच्यावर श्वास घेऊन दमते, म्हणून तिथे दुखतं. आणि गंमत नाही, मोठीच अडचण अशी की शरीरात ऑक्सिजन भरपूर असताना "हवा कमी पडतेय" असं वाटतं, म्हणून माणूस आणखी खोल श्वास ओढतो आणि लक्षणं वाढवून घेतो.

झटका बहुधा 10 मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग उतरतो. "चक्कर येऊन पडेन" ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते, पण बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये तो वाढलेला असतो. रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचं मात्र वेगळं, त्यांचा दाब खरोखर पडतो. तुमच्या भावाचा तो प्रकार दिसत नाही.

तोंडाला कागदी पिशवी लावून श्वास घ्यायला सांगणारे अजून भेटतात. ते करू नये. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर पिशवीने ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतू शकतं.

आणखी तपासण्या कधी? ठोके बटण दाबल्यासारखे एकदम सुरू होऊन एकदम थांबत असतील आणि त्या वेळी नाडी 150 च्या वर, नियमित असेल तर झटका चालू असतानाचा ईसीजी किंवा 24 तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र, हवं. जिने चढताना, चालताना छातीत दाब येत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, खरोखर शुद्ध हरपली असेल, घरात कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल, किंवा पहिला झटका चाळिशीनंतर आला असेल, तर हृदयाची बाजू पुन्हा नीट तपासावी. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, एनर्जी ड्रिंक, दिवसाचे सहा-सात कप चहा-कॉफी यांनीही धडधड होते, ते विचारून घ्या. दारूचंही विचारा: रात्री घेतली की झोप लागते, पण सकाळी ती उतरताना घबराट वाढते आणि बरेच जण तो दोष गाडीच्या गर्दीला देतात.

यातलं काही नसेल तर तपासण्या थांबवा. दर झटक्यानंतर नवा ईसीजी काढला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी "मशिननं पकडलं नसेल तर?" हा प्रश्न उभा राहतो. तपासणी हीच मग आजाराचा भाग होऊन बसते. घड्याळातले ठोके बघणं तेच आहे, फक्त फुकटात आणि दिवसातून पन्नास वेळा.

---

मनोवेध

स्टेथो यांच्या प्रतिसादापुढे समुपदेशनाची बाजू लिहिते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून जे रोजचं काम आहे तेच, थोडं सविस्तर.

झटका येणं हा आजाराचा अर्धाच भाग. एखादा पॅनिक अटॅक पुष्कळांना आयुष्यात येऊन जातो. पॅनिक डिसऑर्डर कधी म्हणायचं? झटके पुन्हा-पुन्हा अवचित येतात आणि त्यानंतर निदान महिनाभर "परत आला तर?" ही धास्ती राहते किंवा माणूस त्यापायी आपलं वागणं बदलतो. फास्ट गाडी सोडणं, दाराशी उभं राहणं, घरून काम मागणं हा तो बदल. उपचाराचा रोख या बदललेल्या वागण्यावर असतो, कारण भीतीला तेच जगवतं.

पहिली बैठक 50-60 मिनिटांची आणि बरीचशी प्रश्नांची. शेवटचा झटका अगदी क्रमाने मांडून घेतला जातो: आधी काय जाणवलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मग शरीरात काय झालं, मग काय केलंत. हे कागदावर गोल आखून लिहिलं की रुग्णाला स्वतःलाच दिसतं. जिना पळत चढून गाडी पकडली, ठोके वाढले, "हार्ट अटॅक असेल" हा अर्थ लावला, त्या अर्थाने घाबरून ठोके आणखी वाढले. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 साली पॅनिकचं जे प्रारूप मांडलं त्याचा गाभा हाच: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावणं. जगभर वापरली जाणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, पॅनिकसाठी याच पायावर चालते. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठीत रुजवली, तिची मांडणीही या कामाला जवळची आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून खरं काम सुरू होतं. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो की आता आपल्याला शांत व्हायला शिकवतील. पॅनिकसाठी आम्ही बरेचदा उलट करतो. खुर्चीत बसवून मुद्दाम लक्षणं आणायला लावतो. एक मिनिट भरभर खोल श्वास घेतला की मुंग्या आणि गरगर. बारीक स्ट्रॉमधून नाक बंद करून दोन मिनिटं श्वास घेतला की घुसमट. जागच्या जागी एक मिनिट धावलं की धडधड. फिरत्या खुर्चीत एक मिनिट गोल फिरलं की चक्कर. प्रत्येकाआधी लिहायचं, "काय होईल असं वाटतं आणि खात्री किती टक्के?" नंतर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. "चक्कर येऊन पडेन, खात्री 80 टक्के" असं लिहिलेला माणूस एक मिनिटाच्या भरभर श्वासानंतर उभा असतो, बोटांना मुंग्या असतात आणि त्याच क्षणी त्याला कळतं की गाडीत जे झालं ते हेच. शंभर वेळा समजावून जे होत नाही ते इथे होतं. दमा, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण, मानेचा किंवा पाठीचा त्रास असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करायचे, म्हणून रिपोर्टची फाइल आधी बघतो.

मग पायऱ्या. भीतीला 0 ते 100 गुण द्यायचे आणि साधारण 30-40 पासून सुरुवात करायची. तुमच्या भावासाठी त्या अशा असू शकतील: दुपारी दोनच्या सुमाराला ठाण्याहून स्लो गाडीने मुलुंड, एकच स्टेशन, दारापासून दूर बसून. मग भांडुप. मग घाटकोपर. मग तेच सकाळच्या गर्दीत. मग फास्ट गाडी घाटकोपरपर्यंत, मग कुर्ला ते दादर हा मधला न थांबणारा टप्पा, कारण झटका तिथे आला होता. दारं बंद होणारी एसी लोकल बहुधा शेवटच्या पायऱ्यांत येते. प्रत्येक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा. आठवड्यातून एकदा केली तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा जागेवर येते.

हे बिघडतं कुठे ते सांगते, कारण "करून बघितलं, उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांचं इथेच चुकलेलं असतं. खिशातली गोळी, पाण्याची बाटली, कानात गाणी, दाराजवळची जागा, बायकोला फोन चालू ठेवणं, हे सगळे आडोसे आहेत. आडोशासकट दादरपर्यंत गेलं तर मेंदू एवढंच शिकतो की बाटली होती म्हणून वाचलो. म्हणून आडोसेही पायरीपायरीने काढायचे: आधी बाटली बॅगेत, मग घरी, गोळी आधी बॅगेच्या तळाशी, मग घरी. दुसरी चूक म्हणजे भीती टोकाला असताना उतरून जाणं. उतरल्यावर जी सुटका वाटते तीच पुढच्या वेळची भीती पक्की करते. उतरावंच लागलं तर घरी परतायचं नाही. फलाटावर दहा मिनिटं थांबून पुढची गाडी धरायची आणि ठरलेल्या स्टेशनापर्यंत जायचं. तिसरी चूक, पहिलाच प्रयोग सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये करणं. धाडसाने एकदा होतं, पण दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही.

संथ श्वासाचा सराव शिकवत नाही का? शिकवते, पण जागा बघून. चार मोजून नाकाने आत, सहा मोजून सावकाश बाहेर, पोट हलेल असा, रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं. एकूण ताण कमी व्हायला आणि झोपेला तो चांगला. झटक्याच्या ऐन क्षणी "हा श्वास घेतला नाही तर मरेन" अशा घाईने वापरला तर तोही आडोसाच होतो. झटक्यात करायचं ते एवढंच: जिथे आहोत तिथे राहायचं, लक्षणांशी झगडा करायचा नाही, "हे ॲड्रेनलिन आहे, दहा मिनिटांत उतरेल" हे स्वतःला सांगायचं आणि चालू काम, वाचन, बोलणं तसंच पुढे न्यायचं.

किती दिवस लागतात? ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका पॅनिकसाठी सीबीटीचे एकूण 7 ते 14 तास आणि जास्तीत जास्त चार महिने असा अंदाज देते. प्रत्यक्षात आठवड्याला एक अशा 10-12 बैठका धरून चाला. सोबत इतर ताण, नैराश्य, व्यसन असेल तर जास्त. शेवटच्या दोन बैठका पंधरा दिवसांच्या, मग महिन्याच्या अंतराने घेतो, कारण झटका पुन्हा कधीतरी येणारच असतो आणि तो आल्यावर काय करायचं याचा कागद तयार असावा लागतो. चौथ्या बैठकीनंतर "आता बरं वाटतंय" म्हणून थांबणारे बरेच जण वर्षाच्या आत परततात. फास्ट गाडीची पायरी राहूनच गेलेली असते.

---

पाऊलवाट

उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो, कारण हा धागा वाचणाऱ्या पुष्कळांना झटके येत नसतील, त्यांना दिवसभराची काळजी असेल: मुलाचं कॉलेज, ऑफिसातला साहेब काय म्हणाला, गॅस बंद केला का, आईचा खोकला साधाच आहे ना. एक विषय संपला की दुसरा. निदान सहा महिने, बहुतेक दिवस असं चालू असेल, आवरता येत नसेल आणि सोबत थकवा, चिडचिड, आखडलेली मान, उडालेली झोप, कामात लक्ष न लागणं यातलं बरंच काही असेल तर तो सर्वसाधारण चिंताविकार. त्याला गाडीच्या पायऱ्या लागू नाहीत.

यासाठी काळजीची वेळ ठरवण्याचा उपाय शिकवतात. संध्याकाळी सहा ते साडेसहा, ठरलेली खुर्ची, वही. दिवसभरात काळजी आली की वहीत चार शब्द टिपायचे आणि सहापर्यंत पुढे ढकलायची. सहाला वही उघडून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यावर आज मला काही करता येईल का? येत असेल तर कोण, कधी, काय ते लिहून टाकायचं. येत नसेल तर ती ओळ तशीच सोडायची. पहिला आठवडा ढकलणं जमत नाही, दुसऱ्यात थोडं जमतं. ही वेळ झोपण्याआधीची ठेवू नका, वही बंद होत नाही.

स्वतःचा अंदाज घ्यायला जीएडी-7 ही सात प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 21. पाचपासून पुढे सौम्य, दहापासून पुढे मध्यम, पंधरापासून पुढे तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मात्र दर दोन आठवड्यांनी भरली तर उपचाराचा उपयोग होतोय का हे आकड्यात दिसतं, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

---

कृष्णकमळ

तिघांचेही मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला, मुलुंडची पायरी त्याला करण्यासारखी वाटतेय. दोन शंका. गोळीचं काय करायचं? खिशात आहे ती अल्प्राझोलाम 0.25 ची आहे, आठवड्यातून दोन-तीनदा घेतो. आणि "समुपदेशक" अशी पाटी तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, त्यातून निवडायचा कसा?

---

स्टेथो

अल्प्राझोलाम अर्ध्या-एक तासात काम करते, हाच तिचा गुण आणि हाच धोका. झटका दहा मिनिटांत टोकाला जाऊन स्वतःच उतरणार असतो. गोळीचा असर होईपर्यंत तो बहुधा उतरलेलाही असतो, पण श्रेय गोळीला जातं. रोज घेतली तर काही आठवड्यांतच सवय लागू शकते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढते. नाइसची मार्गदर्शिका पॅनिकच्या उपचारात या जातीच्या गोळ्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगते. शिवाय पायरीच्या आधी गोळी घेतली तर मनोवेध यांनी लिहिलेलं शिकणं होतच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा 0.25 ही मात्रा कमी आहे, पण बंद कशी करायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जे रोज, महिनोन्महिने घेत आहेत त्यांनी एकदम मुळीच थांबवू नये, फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. दारूसोबत तर कधीच नको.

औषध लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञ बहुधा एसएसआरआय या नैराश्य आणि चिंतेवरच्या औषधांच्या गटातलं देतात, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन. त्यांची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, अस्वस्थपणा, कधी घबराट वाढल्यासारखी वाटते. नेमके इथेच लोक "हे मला सोसत नाही" म्हणून सोडतात. म्हणून सुरुवात कमी मात्रेने करतात, एस्सिटालोप्राम असेल तर बरेचदा 5 मिलिग्रॅमने. बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. विशीतल्या आणि त्याहून लहान मुलांवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

झटके रोजचे असतील, घराबाहेर पडणं थांबलं असेल, झोप-भूक गेली असेल, उदासी गडद असेल, तर समुपदेशनाच्या जोडीला औषध हवंच. तुमचा भाऊ अजून दोन दिवस कामावर जातोय. नुसत्या सीबीटीने सुरुवात करायला हरकत दिसत नाही.

---

मनोवेध

निवडीबद्दल. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेले ते मानसोपचारतज्ज्ञ. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, बहुतेकांचं दोन वर्षांचं एम.फिल. झालेलं असतं आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो मागायला संकोचू नका. समुपदेशक मानसशास्त्रात एम.ए. किंवा समुपदेशनाची पदविका केलेले असतात. त्यांच्यातही उत्तम काम करणारे खूप आहेत, पण आठवड्याभराचं प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणारेही आहेत.

पदवीपेक्षा फोनवरचे चार प्रश्न जास्त उपयोगी पडतात. पॅनिकसाठी कोणती पद्धत वापरता? साधारण किती बैठका? मधल्या आठवड्यात करायला काही देता का? स्वतःच्या कामावर वरिष्ठांचं मार्गदर्शन घेता का? "सीबीटी, दहाएक बैठका, दर आठवड्याला गृहपाठ" अशा धाटणीचं उत्तर आलं तर बरं. "तीन बैठकांत शंभर टक्के बरं करतो", "मागच्या जन्माचं काही असेल", किंवा सायकॉलॉजिस्ट असूनही गोळी सुचवणं, यातलं काही ऐकू आलं तर दुसरीकडे जा. पहिल्या बैठकीत गोपनीयतेबद्दल आपणहून बोललं गेलं पाहिजे: काय कुणालाही सांगितलं जाणार नाही, आणि जिवाला धोका असेल तेव्हा काय अपवाद.

खर्चाचं म्हणाल तर शहरात खाजगी बैठकीला हजार ते अडीच हजार रुपये सर्रास घेतात. तेवढं परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चिंतेचे रुग्णही येतात. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. ठाण्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएचसारखी जुनी स्वयंसेवी संस्था तुम्हाला जवळ पडेल. तिथे आधी स्वयंसेवक भेटले तर कमी लेखू नका. गोव्यात सरकारी प्राथमिक केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांकडून समुपदेशन करवून चिंता आणि नैराश्याचे रुग्ण जास्त प्रमाणात बरे होतात हे पडताळून पाहिलंय. तो अभ्यास 2010 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. प्रशिक्षण आणि देखरेख असली की काम होतं.

फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलीमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. ऑक्टोबर 2022 पासून ती चालू आहे. ऐन रात्री जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर त्यासाठीही हाच क्रमांक.

विम्याचं कुणीतरी विचारेलच: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. समुपदेशनाच्या बैठका त्यात धरल्या आहेत का ते पॉलिसीच्या बाह्यरुग्ण कलमात वाचा.

---

पाऊलवाट

घरच्यांचा प्रश्न राहून गेला, तो माझ्या मते निम्मा उपचार आहे.

आई "मन घट्ट कर" म्हणतात ते मायेने, पण त्याला ऐकू येतं "तू कमकुवत आहेस". दुसऱ्या टोकाला, "काही नाही होणार, मी आहे ना" असं दर अर्ध्या तासाला सांगणंही टाळा. तो विचारणार "माझा रंग पांढरा पडलाय का?", तुम्ही म्हणणार "नाही रे", आणि वीस मिनिटांनी पुन्हा तेच. हा धीर देणं म्हणजे घड्याळात ठोके बघण्यासारखंच, फक्त घड्याळ तुम्ही असता. एकदा शांतपणे उत्तर द्यायचं आणि दुसऱ्यांदा म्हणायचं, "हे आपण बोललोय. आता भीती बोलतेय, तिला थोडा वेळ राहू दे." हे भांडणाच्या वेळी अचानक सुरू करू नका, तो बरा असताना बसून ठरवा, त्याची संमती घ्या, म्हणजे तुटकपणा वाटत नाही.

त्याच्या वाट्याची कामं उचलू नका. स्टेशनवर सोडायला-आणायला जाणं, त्याच्या वतीने ऑफिसात फोन करणं, बाजारातली गर्दी त्याला लागू नये म्हणून स्वतः जाणं, यातलं काय-काय सुरू झालंय त्याची यादी करा आणि समुपदेशकाला दाखवा. एकदम बंद करायचं नाही, त्याच्या पायऱ्यांबरोबर एकेक सोडायचं. पहिल्या एक-दोन पायऱ्यांना कुणी सोबत गेलं तर चालतं, पण त्याच डब्यात, मग पुढच्या डब्यात, मग मुलुंडच्या फलाटावर, असं अंतर वाढवायचं.

घरून काम तीन दिवसांवरून चार होऊ देऊ नका. इथे मात्र आग्रह धरा.

पहिल्या भेटीला जाताना रिपोर्टची फाइल, गोळ्यांची चिठ्ठी आणि मागच्या दोन आठवड्यांची नोंद न्या: तारीख, वेळ, कुठे होता, आधी काय खाल्लं-प्यायलं, मनात आलेलं वाक्य, भीती शंभरात किती, किती मिनिटांनी उतरली, आणि ती उतरवायला काय केलं. शेवटचा रकाना लोक कोरा ठेवतात. तोच समुपदेशकाला सगळ्यात जास्त लागतो, कारण आडोसे तिथे सापडतात.